गुन्ह्याला नाव देणारा माणूस : राफाएल लेमकिन

एका माणसाचा खून करणारा फासावर जातो. मग लाखोंचा संहार करणाऱ्या सत्ताधीशाला शिक्षा का नसावी? हा प्रश्न एका विद्यार्थ्याला पडला आणि त्यापायी त्याने सारे आयुष्य वेचले.

राफाएल लेमकिन यांचा जन्म १९०० साली, आज बेलारूसमध्ये असलेल्या एका खेड्यात, शेती करणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. १९२१ साली आर्मेनियनांच्या कत्तलीचा सूत्रधार तलत पाशा याला बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने गोळी घातली. खटला चालला तो त्या तरुणावर! तलत मात्र तोवर तेथे मोकळा राहत होता. लेमकिननी आपल्या प्राध्यापकांना याचे कारण विचारले. शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर इतरांनी त्यात पडू नये, तसेच राज्याचे, असे उत्तर मिळाले. पण माणसे म्हणजे कोंबड्या नव्हेत!

१९३३ साली वकील लेमकिननी माद्रिदच्या परिषदेपुढे अशा कायद्याची सूचना पाठवली. ती कोणी मनावर घेतली नाही. १९३९ साली हिटलरने पोलंडवर स्वारी केली. लेमकिन निसटले व १९४१ साली अमेरिकेला पोचले. १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या गुन्ह्याला नाव दिले : ‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार. युद्ध संपल्यावर कळले, आईवडिलांसह त्यांचे ४९ नातलग त्याच गुन्ह्याला बळी पडले होते.

मग त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचे उंबरठे झिजवले. १९४६ साली क्यूबा, पनामा आणि आपला भारत यांनी हा विषय तेथे मांडला. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार संमत झाला. मानवी हक्कांचा जाहीरनामा आला तो दुसऱ्या दिवशी. पुढेही एकेका देशाची मान्यता मिळवण्यासाठी ते झटत राहिले. पैसा उरला नाही, प्रकृती ढासळली. भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेमकिन वारले. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती.

करार होऊनही १९९४ साली रवांडात लाखोंची कत्तल झालीच. मग या धडपडीचा उपयोग काय, असे मलाही वाटले. पण १९९८ साली तेथील एका नगरप्रमुखाला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याच गुन्ह्याखाली दोषी ठरवले.

आमच्या घरी कोर्टाचा कागद आला की वाचणारे कोणी नसे. सारे नुसते घाबरत. कायदा दुबळ्याच्या बाजूनेही उभा करता येतो, हे मला लेमकिननी शिकवले.