चातुर्याम धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी

पाली भाषेचे थोर पंडित आणि बौद्ध धर्माचे भाष्यकार म्हणून धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे नाव महाराष्ट्राला सुपरिचित आहे. परंतु भगवान पार्श्वनाथांच्या धर्मावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे आणि आयुष्याच्या अखेरीस संलेखनेचा मार्ग पत्करणारे धर्मानंद जैन वाचकांच्या स्मरणातही असावयास हवेत. त्यांच्या एका प्रतिपादनामुळे जैन समाज तीव्रतेने दुखावला होता, हे खरे आहे. तथापि तो वाद जितका सत्य, तितकेच पार्श्वनाथप्रणीत मार्गाशी जडलेले त्यांचे नातेही सत्य आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्यांच्या जीवनाचा अर्थ पूर्णपणे लागत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. प्रकृती नाजूक, शालेय शिक्षण जुजबी आणि घरी नारळीच्या बागायतीचे काम, अशा परिस्थितीत त्यांचे बालपण गेले. बालवयातच त्यांचा विवाह झाला. 'बालबोध' या मराठी मासिकात भगवान बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या क्षणापासून बुद्धांचा धर्म मुळातून जाणून घेण्याची तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. वडिलांच्या निधनानंतर १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या यांना मागे ठेवून त्यांनी गृहत्याग केला. या ज्ञानयात्रेची किंमत बाळाबाईंनाही मोजावी लागली, हे विसरता येणार नाही.

पुण्यास येऊन त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बुद्धधर्माच्या शोधात १९०२ मध्ये ते नेपाळात गेले, परंतु तेथे त्यांची निराशा झाली. त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबो येथील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पाली त्रिपिटकाचा अभ्यास केला व श्रामणेर दीक्षा घेतली. ब्रह्मदेशातही त्यांनी साधना केली. भारतात परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. परंतु आपल्या ज्ञानाचा लाभ स्वभाषिकांना व्हावा या ओढीने, बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांच्या वृत्तीवर ते अधिक वेतनाची नोकरी सोडून महाराष्ट्रात आले.

१९१० मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पूर्णत्वास नेण्यासाठी धर्मानंदांनी चार वेळा अमेरिकेची वारी केली. संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा आपला न्याय्य हक्क सोडण्यास ते तयार झाले नाहीत. हार्वर्डची ती आवृत्ती अखेर त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, १९१२ पासून, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे पाली पंडित त्यांच्याच शिष्यपरंपरेतील होत.

जैन विद्येशी त्यांचा निकटचा संबंध आला तो १९२२ नंतर, अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात. तेथील पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजयजी आणि प्रज्ञाचक्षु पंडित सुखलालजी यांच्यासारख्या विद्वानांचा सहवास त्यांना लाभला. पाली त्रिपिटक आणि अर्धमागधी आगम ही श्रमण संस्कृतीच्या एकाच कालखंडाची साक्ष देणारी दोन साधने असून ती परस्परांच्या प्रकाशात वाचली पाहिजेत, ही त्यांची अभ्यासदृष्टी झाली.

याच दृष्टीतून पुढे वाद उद्भवला. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा सर्वमान्य ग्रंथ १९४०-४१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यातील मांसाहारविषयक प्रकरणात, बुद्धांप्रमाणेच प्राचीन काळचे जैन श्रमणही भिक्षेत मिळालेले मांस स्वीकारीत असावेत, असे त्यांनी आचारांग सूत्रातील काही शब्दांच्या आधारे प्रतिपादन केले. जैन समाजात यामुळे मोठा क्षोभ निर्माण झाला. ज्या शब्दांचा अर्थ मांस आणि अस्थी असा केला जातो, ते तेथे फळांचा गर आणि बी या अर्थाने आले आहेत, असे जैन विद्वानांचे म्हणणे होते. हा वाद धर्मानंदांपासून सुरू झालेला नव्हता. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी १८८४ मध्ये आचारांगाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हाही याच शब्दांवरून असाच प्रश्न उपस्थित झाला होता. अहिंसा हा ज्या समाजाचा प्राण, त्याला हे प्रतिपादन वेदना देणारे वाटले, हे स्वाभाविकच होते. धर्मानंदांनी मात्र आपले मत मागे घेतले नाही. अहिंसेची थोरवी त्यांना अमान्य होती असे नव्हे. ग्रंथातून जे दिसते असे आपणांस वाटते ते लपवू नये, हेच त्यांना सत्यव्रत वाटत होते.

त्यांच्या मनातील आदर 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या ग्रंथातून प्रकट झाला. पाली वाङ्मयात निर्ग्रंथांच्या चार प्रकारच्या संवराचा उल्लेख आढळतो, तर उत्तराध्ययन सूत्रातील केशी-गौतम संवादात पार्श्वनाथांची चार यामे आणि भगवान महावीरांची पाच महाव्रते यांची संगती लावलेली आहे. याच आधारे याकोबींनी पार्श्वनाथांचे ऐतिहासिकत्व मांडले होते. धर्मानंद त्याहून पुढे गेले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह ही चार यामे हाच श्रमण परंपरेचा समान पाया असून बुद्धांनीही तो स्वीकारून त्यास समाधी व प्रज्ञा यांची जोड दिली, असा सिद्धांत त्यांनी मांडला. ही यामे केवळ साधूंसाठी नाहीत. समाज आणि राष्ट्र यांच्या व्यवहारात ती उतरली तरच मानवजातीचे कल्याण होईल, असा त्यांचा विश्वास होता. अपरिग्रहाचा विचार त्यांना समाजवादाच्या निकटचा वाटे. त्यांनी १९२९ मध्ये लेनिनग्राड येथेही काम केले होते, १९३० च्या सत्याग्रहात कारावास सोसला होता आणि मुंबईच्या परळ भागात श्रमिकांसाठी बहुजन विहार उभा केला होता. यामांचा हा विस्तार त्यांनी आधी आचरिला आणि मग लिहिला.

उतारवयात मधुमेहासारख्या व्याधींनी त्यांचे शरीर जर्जर झाले. जे शरीर कोणाच्या उपयोगी पडत नाही, ते इतरांच्या सेवेवर पोसणे त्यांना अपरिग्रहाशी विसंगत वाटले. १९४६ मध्ये त्यांनी आमरण अनशन आरंभिले, परंतु महात्मा गांधींच्या आग्रहावरून ते सोडले. व्याधी हटेना, तेव्हा सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अनशन स्वीकारले. सुमारे एक महिन्याच्या उपोषणानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. दहन वा दफन, जे कमी खर्चाचे असेल ते करावे, एवढीच त्यांची इच्छा होती. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे आदरपूर्वक स्मरण केले. चातुर्याम धर्मावरील ग्रंथ त्यांच्या पश्चात १९४९ मध्ये प्रकाशित झाला.

ज्या पंडिताशी जैन समाजाचा मतभेद झाला, त्यानेच कोणतीही जैन दीक्षा न घेता जैनांच्या परम व्रताशी नाते सांगणारा अंत स्वीकारला. आचारांगातील त्या शब्दांचा अर्थ त्यांनी लावला तसाच मानला पाहिजे, असे यातून निष्पन्न होत नाही. विद्वत्तेचा प्रश्न विद्वत्तेनेच सोडवावयाचा असतो. परंतु मत न पटणाऱ्याच्याही ठायी असलेले सत्य ओळखणे, हीच अनेकान्ताची शिकवण आहे. ही शिकवण आचरणात आणण्याची संधी धर्मानंदांचे जीवन जैन समाजास आजही देत आहे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!