कै. डॉ. इरावतीबाई कर्वे

समाजशास्त्र व मानवशास्त्र हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर बहुधा महाविद्यालयांत गेल्यावरच पडतात. परंतु ह्या शास्त्रांचा विषय प्रत्येकाच्या घरांतच असतो. लग्न कोणाशीं करावें व कोणाशीं करूं नये, आईच्या भावाला काय म्हणावें, शेजारच्या पाड्यावरील माणसाला आपला समजावें कीं परका, ह्या गोष्टी मूल शाळेंत येण्यापूर्वींच शिकलेलें असतें. त्या तशाच कां आहेत, असें विचारण्यापासून ह्या शास्त्रांचा आरंभ होतो. हा प्रश्न जन्मभर विचारणाऱ्या, आणि मिळालेलें उत्तर आपल्या गुरूंना रुचेल कीं नाहीं हें न पाहणाऱ्या एका महाराष्ट्रीय विदुषीचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. आपल्या जिल्ह्याशींहि त्यांचा संबंध आला होता. तो पुढें येईलच.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत मिंग्यान येथें झाला. वडील गणेश हरि करमरकर हे तेथें कापसाच्या एका कंपनींत नोकरीस होते. त्या देशांतील महानदी इरावती हिच्यावरून मुलीचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं त्यांना शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेच्या शाळेंत पाठविलें. तेथें रँग्लर परांजपे ह्यांची कन्या शकुंतला हिच्याशीं स्नेह जडला आणि पुढें परांजपे ह्यांच्याच घरीं त्या मुलीसारख्या वाढल्या. १९२६ सालीं फर्ग्युसन महाविद्यालयांतून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या व दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठांत गेल्या. तेथील समाजशास्त्राचा विभाग १९१९ सालीं पॅट्रिक गेडीस ह्यांनीं सुरू केला होता, व ह्या वेळीं त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखालीं चित्पावन ब्राह्मणांविषयीं प्रबंध लिहून १९२८ सालीं इरावतीबाई एम्. ए. झाल्या.

ह्याच सुमारास रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. स्त्रीशिक्षणासाठीं देह झिजविणारे महर्षि धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. तथापि सुनेनें शिक्षणासाठीं जर्मनीस जावें, हें महर्षींच्याहि मनास पटलें नाहीं. पति मात्र पाठीशीं उभे राहिले, आणि १९२८ सालीं कर्ज काढून इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिन येथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था नुकतीच १९२७ सालीं स्थापन झाली होती. मनुष्याचे गुण वंशावर अवलंबून असतात व कांहीं वंश जात्याच श्रेष्ठ असतात, असे विचार त्या संस्थेंत प्रबळ होते. तिचे संचालक ऑयगेन फिशर ह्यांनीं इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या विषमतेचा. मनुष्याच्या कवटीच्या उजव्या व डाव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. ही विषमता युरोपीय कवटींत अधिक आढळेल व तीवरून युरोपीयांच्या बुद्धीचें श्रेष्ठत्व दिसून येईल, अशी अटकळ होती. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. त्यांपैकीं कांहीं जर्मनीच्या आफ्रिकेंतील वसाहतींतून आणलेल्या होत्या. मोजमापाचा निष्कर्ष असा निघाला कीं, विषमता सर्वच कवट्यांत असते, आणि वंशाशीं तिचा कांहीं संबंध दिसत नाहीं.

परक्या देशांतील एका तरुण विद्यार्थिनीला हें लिहिणें किती कठीण गेलें असेल, ह्याचा विचार वाचकांनीं करावा. पदवी ज्यांच्या हातीं, त्यांचीच अपेक्षा खोटी ठरत होती. आंकडे थोडे इकडेतिकडे ओढून गुरूंस प्रसन्न करणें अशक्य नव्हतें. इरावतीबाईंनीं जें मोजलें तेंच लिहिलें व डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशीं परतल्या. पुढें १९३३ सालीं जर्मनींत हिटलरचें राज्य आलें. त्याच वर्षीं वंशशुद्धीच्या नांवाखालीं माणसांना सक्तीनें निर्बीज करण्याचा कायदा झाला आणि ही संस्था त्या राज्याच्या सेवेस लागली. खोट्या शास्त्रानें किती प्राण जाऊं शकतात, हें जगानें त्यानंतर पाहिलें.

पुण्यास आल्यावर इरावतीबाईंनीं कांहीं वर्षें महिला विद्यापीठाच्या कुलसचिवाचें काम केलें. परंतु त्यांचा जीव संशोधनांत होता. १९३९ सालीं त्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाल्या व शेवटपर्यंत तेथेंच राहिल्या. मोजण्याचीं साधनें घेऊन त्या गांवोगांव हिंडत. मिळेल तें वाहन व मिळेल तें घर त्यांस चाले. १९४४ सालीं प्रा. सांकलिया ह्यांच्याबरोबर गुजरातेंत लांघणज येथें झालेल्या उत्खननांतहि त्या होत्या. १९४७ सालीं दिल्ली येथील सायन्स काँग्रेसच्या मानवशास्त्र शाखेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें.

ह्या भटकंतींतून जातिसंस्थेविषयीं त्यांचें जें मत बनलें, तें त्यांच्या दुसऱ्या गुरूंच्या, म्हणजे घुर्ये ह्यांच्या, मताहून निराळें होतें. जातिसंस्था आर्यांच्या ब्राह्मणी संस्कृतींतून निघाली व तेथून देशभर पसरली, असें घुर्ये मानीत; एका समाजाचे तुकडे होत होत जाती बनल्या, ही कल्पनाहि विद्वानांत रूढ होती. इरावतीबाईंनीं कुंभारांचें उदाहरण घेतलें. महाराष्ट्रांत कुंभार म्हणविणारे समूह अनेक आहेत. त्यांच्यांत आपापसांत बेटीव्यवहार नाहीं, आणि शरीराच्या मापांतहि ते एकमेकांसारखे असतातच असें नाहीं. एकाच घराचे तुकडे असते तर असें कां व्हावें? म्हणून त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, जात म्हणजे विस्तार पावलेला सोयऱ्यांचा गोतावळा होय. असे निरनिराळे गोतावळे शेजारीं येऊन राहिले, धंद्यानें एकमेकांस बांधले गेले, परंतु रक्तानें मिसळले नाहींत. त्यांतून हिंदु समाज घडला. हा विचार त्यांनीं १९६१ सालच्या हिंदु समाजावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत मांडला.

त्यापूर्वीं १९५३ सालीं भारतांतील आप्तसंबंधांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यांत भाषांच्या आधारें देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे विभाग पाडून नात्यांच्या शब्दांची व विवाहाच्या चालींची तुलना केली आहे. उत्तरेकडे मामाची मुलगी ही बहीणच, तिच्याशीं विवाह निषिद्ध. दक्षिणेकडे असा विवाह पसंतीचा. महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मध्यें बसतो : मामाची मुलगी बऱ्याच जातींत चालते, आत्याची सहसा चालत नाहीं. सासऱ्यास मामंजी व सासूस आत्याबाई म्हणण्याची आपली जुनी रीत आते-मामे भावंडांच्या विवाहाची खूण आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे घरांतला रोजचा शब्दहि समाजाचा केवढा इतिहास सांगतो, तें कळतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं, १९०६ सालीं खानदेशची वांटणी झाल्यापासून, हा मुलूख पश्चिम खानदेश ह्या नांवानें ओळखला जात असे. १९६१ सालीं इरावतीबाईंचें पश्चिम खानदेशांतील भिल्लांच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचें पुस्तक प्रसिद्ध झालें. ज्या लोकांचें नांव सरकारी कागदांत बहुधा गुन्ह्यांच्या किंवा करांच्या संदर्भांत येई, त्यांच्या संसाराचा हिशेब एका विदुषीनें आस्थेनें मांडला, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. पुढें कोयना धरणामुळें उठलेल्या कुटुंबांची पाहणी त्यांनीं आपली कन्या जाई निंबकर ह्यांच्या साहाय्यानें केली. ती १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. सरदार सरोवराच्या पाण्यामुळें अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकांठच्या ३३ गांवांना झळ लागली. गांव उठला म्हणजे शेतीबरोबर सोयरीकहि विखुरते, हें त्या गांवांतील मुलांस कोणीं सांगावयास नको.

शास्त्रीय ग्रंथांच्या जोडीला इरावतीबाईंनीं सुंदर मराठी ललित लेखनहि केलें. महाभारतांतील व्यक्तींकडे माणसें म्हणून पाहणाऱ्या त्यांच्या युगान्त ह्या पुस्तकास १९६८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ११ ऑगस्ट १९७० रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांचें सर्वच म्हणणें आज जसेंच्या तसें मान्य आहे असें नाहीं. कवटी व नाक मोजून माणसांचे गट पाडण्याची रीत मागें पडली असून तिची जागा आनुवंशिकशास्त्रानें घेतली आहे. परंतु बर्लिनच्या त्या निष्कर्षाला नव्या शास्त्रानें बळकटीच दिली आहे : माणसामाणसांतील बहुतेक भेद एकाच समूहाच्या आंत आढळतात, समूहासमूहांमध्यें फार थोडे.

विद्यार्थीहो, २०११ च्या जनगणनेप्रमाणें आपल्या जिल्ह्यांत शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. आपल्या वर्गांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणा व इतर समाजांचीं मुलें एकाच बांकावर बसतात. अमक्या समाजाच्या मुलांना गणित जात्याच येत नाहीं, हें वाक्य बाजारांत व एस्. टी. च्या थांब्यावर आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे. घरीं एक बोली आणि पुस्तकांत दुसरी, घरांत दिवा नाहीं, पावसाळ्यांत नदी अडवते, सुगींत आईबाप मजुरीसाठीं परजिल्ह्यांत जातात, ह्या गोष्टी वगळून जे लोक मुलाच्या जातीकडे बोट दाखवितात, ते फिशरसाहेबांच्याच वाटेनें जात असतात. तसें वाक्य पुन्हां कानीं पडलें, तर रागावूं नका व खालीं मानहि घालूं नका. कोणीं मोजलें, काय मोजलें व किती जणांत मोजलें, एवढें मात्र अवश्य विचारा.