कल्याणची आनंदी, परमुलखातली हिंदू बाई

माजिवडा नाक्यावरून नाशिककडे निघालेल्या महामार्गाचा एक फाटा कल्याणला जातो. पोटासाठी परमुलखातून आलेल्यांची या पट्ट्यात आज एवढी दाटी आहे, की येथलीच एक मुलगी कधीकाळी परक्या देशात उपरी म्हणून राहिली, याचा सहसा विसर पडतो. आनंदीबाई जोशी यांचे नाव पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. परदेशातील त्यांच्या तीन वर्षांची कथा मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. रेल्वे कल्याणला येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. घर मात्र जुन्या वळणाचे होते. नवव्या वर्षी पोस्टातील कारकून गोपाळराव जोशी या सुमारे वीस वर्षांनी मोठ्या विधुराशी तिचे लग्न झाले. बायकोला शिकवू देण्याची अट त्यांनी आधीच घातली होती, आणि ती त्यांनी पाळलीही, पण आपल्या पद्धतीने. अभ्यास चुकला की मार बसे. लाकडाने मारणे, पुस्तके आणि खुर्च्या अंगावर फेकणे, हे सारे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच पत्रात लिहून कळवले. त्यात रागापेक्षा हिशेब चुकता करण्याचा शांतपणा अधिक होता. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील हा पुरस्कर्ता असा होता, हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, असे त्यांच्या मनाने घेतले.

गोपाळरावांनी कोल्हापुरात पूर्वी काम केलेल्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डरने ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता तो अंक आला. त्यांनी धर्माची अट न घालता घर देऊ केले. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या.

परकेपणाची चव मात्र त्यांनी बोट धरण्याआधीच घेतली होती. पुस्तके हाती घेऊन रस्त्याने जाणारी बाई पाहिली की मुंबईत लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढत, खडेही मारत. बंगालमध्ये नवऱ्याबरोबर फिरायला निघाले तरी तोच छळ. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात त्यांनी हे उघडपणे सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार जाहीर केला. ७ एप्रिलला मिशनरी बायकांच्या सोबतीने, नवऱ्यावाचून, त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय वर्षे अठरा.

आपल्या देशात उच्च मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेली ही बाई बोटीने नांगर उचलताच अल्पसंख्य झाली. ज्या अमेरिकेत ती उतरली, तिने वर्षभरापूर्वीच, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला होता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे वातावरण त्या मानाने मोकळे होते. रेबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी तेथून १८६७ मध्ये पदवी घेऊन गेली होती. डीन रेचल बॉडले यांनी आनंदीबाईंना शिष्यवृत्तीही मिळवून दिली. ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या वेषातील साबात इस्लामबुली. तिघी त्या कॉलेजच्या विद्यार्थिनी. पण छायाचित्र पाहणाऱ्याला प्रथम दिसतात ते तीन देशांचे नमुने. त्यांना तसे उभे करण्यात कौतुक होते आणि कुतूहलही होते. दोन्हींत माणूस मागे राहतो.

थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्या बदलावरही घरून बोल आले. आपला आचार त्यांनी सोडला नाही, आणि प्रकृतीने त्याची किंमत मोजली.

याहून अवघड प्रसंग पुढचा. मिशनरी श्रोत्यांपुढे हिंदू बालविवाहावर बोलण्यास त्यांना सांगण्यात आले. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी मूल गमावलेली ही बाई त्या प्रथेचे वाभाडे काढील, अशी सर्वांची अपेक्षा होती. तिने प्रथेचे समर्थन केले. आज ते वाचताना वाईट वाटते. पण त्या सभागृहात तिने उच्चारलेला प्रत्येक टीकेचा शब्द एका व्यक्तीचा अनुभव म्हणून ऐकला गेला नसता. साऱ्या हिंदूंविरुद्धची साक्ष म्हणून नोंदला गेला असता. मुंब्र्याच्या मुसलमान मुलीला आजही हा पेच नवा नाही. घरातील अन्यायावर बोलावे तर बाहेरचे टाळ्या पिटून तिच्या साऱ्या समाजाला झोडपणार. गप्प बसावे तर अन्याय तसाच. आनंदीबाईंनी समाजाची बाजू घेतली आणि स्वतःचे दुःख नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत ठेवले. प्रबंधासाठीही त्यांनी आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. त्यातील 'आर्य' हा शब्द वर्णाच्या उतरंडीत आपली पायरी वर सरकवू पाहणारा होता, हेही सांगितले पाहिजे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या, गोपाळरावही होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना देऊ करण्यात आले. पण क्षयाने शरीर पोखरले होते. नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या. समुद्र ओलांडल्याबद्दल बहिष्कार पडेल ही भीती खोटी ठरली; लोकांनी स्वागतच केले. मात्र अशा बाईला औषध देण्यास पुण्यातील एका वैद्याने नकार दिल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांतून पुन्हा पुन्हा येते.

कोल्हापूरच्या कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. एकाही रुग्णाला त्यांच्या पदवीचा उपयोग होण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांवर शिळा उभी आहे. तिच्यावर त्यांच्या जातीचा उल्लेख आहे, आणि शिक्षणासाठी देश सोडणारी त्या जातीतील पहिली स्त्री अशी नोंद आहे.