डॉ. आनंदीबाई जोशी आणि आजचे वैद्यकशिक्षण

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनही कालांतराने तेथे तयार होऊ लागले. अशी औषधे देशातच निर्माण व्हावीत व सामान्य माणसाला परवडावीत, हा त्यामागील हेतू होता. पुरवठ्याचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. तथापि त्याच पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात क्षयाचे रोगी आजही आहेत. औषध आणि रोगी यांच्यामध्ये जे अंतर उरते, त्याचा अभ्यास वैद्यकाच्या विद्यार्थ्याने करावा की नाही? या प्रश्नाचा विचार करताना डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अल्पायुषी जीवनाकडे पुन्हा वळणे उद्बोधक ठरेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी या वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या विधुराशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीला शिकवावयाचेच, हा त्यांचा ध्यास होता आणि त्यापायी त्यांचे वागणे पुष्कळदा कठोर होत असे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या वैद्यक शिकण्याच्या निश्चयामागे होती, असे सामान्यतः मानले जाते.

त्या काळी देशात पाश्चात्त्य वैद्यक मुळीच नव्हते असे नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून डॉक्टर तयार करीत होते. परंतु डॉक्टर पुरुष होते आणि घरंदाज स्त्रीने परपुरुषाकडून तपासून घेणे समाजाला मान्य नव्हते. रुग्णालय गावात असले तरी माजघरातल्या बाळंतिणीच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखेच होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी लिहिताना आनंदीबाईंनी नेमके हेच कारण मांडले. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मृत्यू पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी त्यांना ही विद्या हवी होती.

मार्ग मात्र सुगम नव्हता. गोपाळरावांचे अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापले गेले. ते न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी साहाय्याचा हात पुढे केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी आपल्या परदेशगमनाची कारणे जाहीरपणे मांडली व बहिष्काराच्या भीतीलाही उत्तर दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पती बरोबर नसताना, त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले.

फिलाडेल्फियात त्यांनी लुगडे व शाकाहार सोडला नाही. थंडीने व श्रमाने प्रकृती खालावत गेली, तरी अभ्यास पूर्ण झाला. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय अर्थपूर्ण आहे. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. परदेशातील शास्त्र शिकत असताना आपल्या समाजाची प्रसूतीविषयक परंपरा त्यांनी अभ्यासाबाहेर ठेवली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली. त्या मायदेशी परतल्या त्या मात्र क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. नेमणुकीचे काम त्यांना कधी सुरू करता आलेच नाही.

या चरित्राचे कौतुक पहिली स्त्री-डॉक्टर म्हणून पुष्कळ झाले. त्यातील सामाजिक निदानाकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. रोग शरीरात असतो. पण रोग्याने उपचार घ्यावयाचा की नाही, हे घर, जात, रूढी व उत्पन्न ठरवितात. खुद्द आनंदीबाईंचे शिक्षणही पतीच्या इच्छेवर अवलंबून होते. पती विरोधी असता, तर त्यांची बुद्धी व जिद्द कितपत उपयोगी पडली असती? वैद्यकाला हा विचार अपरिचित होता असेही नाही. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसची साथ पाहून जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी तिची मुळे दारिद्र्यात, अज्ञानात व राज्यकारभारात शोधली होती.

आज स्त्री-डॉक्टरांची वाण राहिलेली नाही आणि आनंदीबाईंचा बळी घेणाऱ्या रोगावर औषध आहे. पण उंबरठा गेलेला नाही. त्याचे रूप पालटले आहे. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या परप्रांतीय कामगाराला सरकारी औषध विनामूल्य मिळू शकते. परंतु दवाखान्यात जाण्यासाठी बुडणारा रोज त्याला कोणी भरून देत नाही. क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो. तेवढ्यात कंत्राट संपते, खोली बदलते, गाव सुटते. घरातील स्त्री आजारी पडली, तर खर्चाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो आणि क्षयाचे नाव निघाल्यास मुलीचे लग्न अडेल, या धास्तीने आजार लपविला जातो. या गोष्टी औषधाच्या चिठ्ठीवर येत नाहीत. रोगी बरा होणे न होणे मात्र पुष्कळदा त्यांवरच ठरते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात घातला आहे. त्याचे स्वागत व्हावयास हवे. मात्र रक्तदाब मोजून तक्ते भरण्यावर तो थांबला, तर त्यातून काही हाती लागणार नाही. घरात पैसा कोण खर्च करतो, शेवटी कोण जेवते, आजारपणात कोणाची मजुरी बुडते, हे प्रश्न विचारण्याची व त्यांची उत्तरे ऐकून घेण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे. पिंपरीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे, आणि कामगारांच्या वस्त्या त्यांच्यापासून दूर नाहीत. या विषयाची प्रयोगशाळा दाराशीच आहे. परीक्षेत या निरीक्षणाला शरीरशास्त्राइतके नसले तरी लक्षणीय गुण मिळाले, तर विद्यार्थी व अध्यापक दोघेही ते गंभीरपणे घेतील. ज्या विषयाला गुण नाहीत, तो विषय आपल्याकडे शिकविला जात नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.