ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या प्रीतिसंगमावर कऱ्हाड हे प्राचीन नगर वसले आहे. त्याच्या जवळच गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. सुगी घरात आली की या भागात गावोगाव जत्रा भरतात. हलगी कडाडू लागते, तांबड्या मातीत मल्लांच्या जोड्या लागतात आणि कोणता मल्ल कोणत्या डावाने चीत झाला याची चर्चा पुढे कित्येक दिवस पारावर चालते. अशा या गोळेश्वरात दादासाहेब जाधव यांच्या घरी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे होते.

दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल होते. त्यांनी खाशाबांना वयाच्या पाचव्या वर्षीच हौद्यात उतरविले. म्हणजे पिता हाच त्यांचा पहिला वस्ताद. वस्ताद या शब्दाचा अर्थ मोठा आहे. तो केवळ डाव आणि तोड शिकवून थांबत नाही. शिष्याने पहाटे किती वाजता उठावे, किती जोर मारावे, किती बैठका काढाव्यात, काय खावे, या साऱ्यांवर त्याची नजर असते. शिष्य हरून आला तर त्याला तो मातीतून उठवितो. जिंकून फुगला तर त्याच्यापेक्षा भारी मल्लाशी जोड लावून देतो. तालमीतला लहानसा पोरगाही जाणतो की, वस्ताद कडेला उभा असला की अंगात दुप्पट बळ येते.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच खाशाबांचे नाव पंचक्रोशीत होऊ लागले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे धाडसही त्यांनी केले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही तर मल्लांची पंढरी. तेथील धिप्पाड पैलवानांपुढे खाशाबा अगदीच ठेंगणे आणि किरकोळ दिसत. प्रथमदर्शनी त्यांना पाहून हा मुलगा आखाड्यात काय टिकणार, अशी शंका कोणालाही यावी. परंतु प्रतिस्पर्ध्याने हात पुढे करण्यापूर्वीच खाशाबा त्याच्या पायांशी पोहोचलेले असत. चपळाई हे त्यांचे शस्त्र होते, आणि कितीही मोठा मल्ल समोर आला तरी न बिचकणारे मन हे दुसरे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा विलायतेस गेले. तेथे मात्र सारेच निराळे होते. आपल्याकडील कुस्ती मातीत होते. तेथे ती गादीवर होणार होती. मातीत पाय रुतवून उभे राहता येते, गादीवर ते निसटतात. आपल्याकडे पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो, आणि तोवर कुस्ती कितीही वेळ चालली तरी चालते. तेथे घड्याळ लावलेले असे, आणि मल्ल चीत झाला नाही तरी पंच आपल्या मताने विजयी कोण ते ठरवीत. लहानपणापासून अंगवळणी पडलेले कितीतरी डाव तेथे जसेच्या तसे चालण्यासारखे नव्हते.

या अडचणीत त्यांना अमेरिकेचे रीस गार्डनर हे प्रशिक्षक लाभले. गार्डनर एके काळी स्वतः नामांकित कुस्तीगीर होते. त्यांनी हाती असलेल्या थोड्या दिवसांत खाशाबांना गादीवरील कुस्तीची रीत समजावून दिली. दोघांची भाषा, देश, खाणे, सारे भिन्न. परंतु कुस्तीला भाषा कमीच लागते. ही शिकवण वाया गेली नाही. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लास पहिल्या काही मिनिटांतच हरविले, नंतर अमेरिकेच्या मल्लावर मात केली, आणि इराणच्या मल्लाकडून ते पराभूत झाले. सर्वांत हलक्या वजनाच्या गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. गादीवर नुकताच पाय ठेवलेल्या तरुणासाठी हे यश लहान नव्हते. खाशाबांना मात्र ते पुरेसे वाटले नाही.

पुढची चार वर्षे त्यांनी गोविंद पुरंदरे यांच्या मार्गदर्शनाखाली कसून मेहनत केली. रोज तासन्‌तास व्यायाम चाले. या काळात ते वजनानेही वरच्या, ५७ किलोग्रॅमच्या गटात गेले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट सोपी नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. आपल्यावर अन्याय झाला असे वाटून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली आणि तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास पाहता पाहता लोळविले.

निवड तर झाली, पण फिनलंडपर्यंत जाण्यास पैसा कोठून आणावा? गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जो मनुष्य आखाड्यात उतरत नाही तोही एखाद्याच्या कुस्तीत केवढा वाटा उचलू शकतो!

जुलै महिन्यात हेलसिंकी येथे सामने सुरू झाले. खाशाबांच्या गटात चोवीस देशांचे मल्ल होते. त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवून अंतिम तिघांत स्थान मिळविले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममेदबेकोव्ह. आता खरी कसोटी होती.

इशी यांच्याशी झालेली झुंज पुरी पंधरा मिनिटे रंगली. दोघेही चपळ, दोघेही हट्टी; अखेर अगदी थोडक्या फरकाने निकाल जपानी मल्लाच्या बाजूने लागला. या टप्प्यावरील दोन्ही कुस्त्या खाशाबांना जवळजवळ लागोपाठ खेळाव्या लागल्या. अंगावरचा घाम वाळतो न वाळतो तोच पुढचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लास निदान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम पंचांच्या ध्यानी आणून देण्यास तेथे भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी हजर नव्हता. जवळ प्रशिक्षकही नव्हता. पाणी देणारा, खांद्यावर हात ठेवणारा, आपल्या मल्लासाठी पंचांशी भांडणारा असा आपला एकही माणूस गादीच्या कडेला नव्हता. थकलेले खाशाबा एकटे उठले आणि गादीवर गेले. ती कुस्तीही ते हरले.

त्यांना विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. एवढे मात्र दिसते की, मनाचा कणखरपणा मल्लास गादीवर उभा करू शकतो, पण त्याच्या वतीने नियम मांडण्याचे काम दुसऱ्यानेच करावयाचे असते. इशी यांना सुवर्णपदक मिळाले, ममेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते.

खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी कऱ्हाडच्या स्थानकावर शंभराहून अधिक बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोलताशे वाजत होते, गुलाल उधळला जात होता. पाव तासाच्या वाटेला त्या मिरवणुकीने तासामागून तास घेतले. या गौरवात त्यांना आपल्या ऋणाचा विसर पडला नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या ठरविल्या, त्या जिंकल्या आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिकचे स्वप्न मागे पडले. बढती मिळण्यास फार वर्षे लागली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी ज्योत घेऊन धावण्याचा मान त्यांना लाभला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता-अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यांच्या निधनानंतर, २००० सालासाठी.

भारताला वैयक्तिक खेळातील पुढचे ऑलिंपिक पदक १९९६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी मिळाले. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल सामने भरले, तेव्हा इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास खाशाबांचे नाव देण्यात आले. आता आंतरराष्ट्रीय कुस्तीत गादीच्या कोपऱ्यात एक खुर्ची मांडलेली असते. मल्ल झुंजत असतो तोवर त्याचा प्रशिक्षक तेथे बसून असतो, आणि मध्यंतराची घंटा झाली की टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन तो त्याच्याकडे धावत जातो.