प्रशिक्षकांना घडवणारा प्रशिक्षक : हॅरी क्रो बक

चेन्नई : मद्रास उच्च न्यायालयासमोर, जॉर्ज टाउनच्या दक्षिण टोकाला, एस्प्लनेडच्या गजबजलेल्या रस्त्यावर वायएमसीएची जुनी वास्तू उभी आहे. फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वानामेकर यांच्या देणगीतून ती उभारली गेली. १९२० मध्ये या ठिकाणी अवघ्या पाच विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. या पाच जणांना स्वतः खेळाडू म्हणून नाव कमवायचे नव्हते. इतरांना खेळवायचे कसे, हे शिकण्यासाठी ते आले होते. त्यांचे शिक्षक होते अमेरिकेतून आलेले हॅरी क्रो बक. भारतातील शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात हा वर्ग पुढे वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय म्हणून ओळखला गेला. आशिया खंडातील अशा प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते.

बक यांचा जन्म १८८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. त्यांचे शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे झाले. बास्केटबॉलचा जन्मही तेथलाच. १८९१ च्या डिसेंबरात, बर्फामुळे मैदानी खेळ बंद पडले असताना, जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाने व्यायामशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले. त्या पहिल्या सामन्यातील एका संघाचे नेतृत्व करणारे डंकन पॅटन पुढे मिशनरी म्हणून भारतात आले आणि नवा खेळही सोबत घेऊन आले. बक स्प्रिंगफील्डला पोहोचले तेव्हा नेस्मिथ यांनी ती संस्था सोडून बरीच वर्षे लोटली होती. परंतु शरीर, मन आणि आत्मा यांची जडणघडण एकत्रच झाली पाहिजे, हा तेथील विचार कायम होता.

नेस्मिथ यांचे प्रशिक्षकांविषयीचे मत आज ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारे आहे. आपला खेळ खेळण्यासाठी आहे, त्याला प्रशिक्षकाची गरज नाही, असे त्यांना वाटत असे. कॅन्सास विद्यापीठाच्या संघाचे ते पहिले प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. पराभवांची संख्या विजयांहून अधिक असलेले त्या विद्यापीठाचे ते एकमेव प्रशिक्षक ठरले. पुढे अमेरिकेतील नियमांनीही प्रशिक्षकाला बांधून ठेवले. १९१० च्या सुमारास सामना सुरू असताना खेळाडूंना सूचना देण्यावर बंदी आली, आणि विश्रांतीच्या काळात त्यांच्याशी बोलण्याची मुभा मिळायला १९४९ साल उजाडले. म्हणजे बक ज्या पिढीत वाढले, त्या पिढीतील प्रशिक्षकाचे काम शिट्टी वाजण्यापूर्वीच संपत असे. सामन्यात अडचण आली तर खेळाडूंनी ती आपसांत सोडवावी, हीच अपेक्षा होती. शिकवणे पक्के झाले की नाही, याची परीक्षा शिक्षक गप्प बसल्यावरच होत असे.

मद्रासला आल्यावर बक यांना वेगळेच चित्र दिसले. त्या काळच्या भारतीय शाळांमध्ये व्यायाम म्हणजे बहुतेक ठिकाणी कवायत. ती घेण्यासाठी लष्करातून निवृत्त झालेले हवालदार नेमले जात. रांग, हुकूम आणि हुकुमाची तामिली यापलीकडे शिक्षक आणि मुलगा यांच्यात नाते नसे. ज्यांना खेळात गती होती ते पुढे येत. उरलेली मुले कडेला उभी राहत. शाळेतील प्रत्येक मुलगा खेळला पाहिजे, असे बक यांचे धोरण होते. त्यासाठी हुकूम देणारा माणूस पुरेसा नव्हता. मुलांची वाढ, शरीररचना, खेळाचे तंत्र आणि अध्यापन यांचे ज्ञान असलेला शिक्षक हवा होता. असा शिक्षक तयार करणारी शाळा नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतः काढली.

१९२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकसाठी भारतीय संघ निवडण्यात आला, तेव्हा त्याच्या व्यवस्थापनाची जबाबदारी बक यांच्याकडे आली. अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारे सी. के. लक्ष्मणन, लांब उडी मारणारे दलीप सिंग असे गुणी खेळाडू त्या संघात होते. पदक मात्र एकालाही मिळाले नाही. सर दोराबजी टाटा यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय ऑलिंपिक संघटना आकार घेत होती. त्या काळात ए. जी. नोहरेन आणि बक यांनी देशभर फिरून प्रांतोप्रांती क्रीडा संघटना उभ्या करण्यास साहाय्य केले. एकीकडे मूठभर निवडक खेळाडूंना जगाच्या स्पर्धेत उतरवायचे आणि दुसरीकडे गावातील शाळेच्या शेवटच्या मुलापर्यंत खेळ न्यायचा, अशी दोन टोके त्यांनी एकाच वेळी धरली होती.

त्यांच्या कार्यातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. विविध खेळांचे नियम एकत्र करून त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. काम वरवर रुक्ष वाटते. परंतु नियम छापला गेला की तो शिक्षकाच्या मालकीचा राहत नाही. विद्यार्थीही तो वाचू शकतो आणि पंचाला किंवा प्रशिक्षकाला त्याच्या आधारे प्रश्न विचारू शकतो. दोघेही एकाच नियमाला बांधले गेल्याने त्यांच्यातील नात्याचा पायाच बदलतो.

महाराष्ट्राला हा फरक चटकन उमगेल. येथे तालमीची परंपरा जुनी आहे. वस्तादाचा शब्द अखेरचा असतो. पठ्ठ्याचा खुराक, त्याची झोप, त्याचे वागणे या सर्वांवर वस्तादाची नजर असते आणि पठ्ठा जन्मभर आपल्या तालमीचे नाव सांगतो. त्या नात्यात जिव्हाळा आहे, तसाच अधिकारही आहे. ख्रिस्ती संस्थेच्या आश्रयाने आलेल्या परदेशी खेळांकडे राष्ट्रीय वृत्तीच्या आखाड्यांनी संशयाने पाहावे, हेही त्या काळात स्वाभाविक होते. बक यांनी हा प्रश्न टाळला नाही. देशी व्यायामप्रकारांना त्यांनी आपल्या शिक्षणात जागा दिली आणि महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे नावही ‘व्यायाम’ असेच होते.

या शिक्षणाचा एक प्रवाह मुंबईपर्यंत पोहोचला. १९३७ मध्ये मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली. १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे मद्रासच्या मैदानात तयार झालेले शिक्षक होते. १९५७ मध्ये ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा तेथील प्राचार्यपदही प्रथम त्यांच्याकडेच आले. लोणावळ्याचा योगविचार आणि मद्रासचे क्रीडाशिक्षण असे दोन प्रवाह कांदिवलीत एकत्र आले. तेथून बाहेर पडलेले शिक्षक महाराष्ट्रातील शाळांत गेले. त्यांच्या शिट्टीवर धावलेल्या असंख्य मुलांच्या कानावर बक हे नाव कधी पडलेही नसेल.

दरम्यान पाच विद्यार्थ्यांचा वर्ग एस्प्लनेडच्या वास्तूत मावेनासा झाला. तो आधी रायपेट्टा भागात आणि नंतर अड्यार नदीकाठी सैदापेट परिसरातील विस्तीर्ण मैदानावर हलला. १९३४ मध्ये नवी दिल्लीत बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९३६ मध्ये बर्लिनमध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. चार दशकांपूर्वी टोपल्यांपासून सुरू झालेला खेळ आता पदकांचा झाला होता आणि त्याबरोबर प्रशिक्षकाचे महत्त्वही वाढू लागले होते.

१९४३ च्या जुलै महिन्यात बक यांचे निधन झाले. भारतीय बास्केटबॉल महासंघाची १९५० मधील स्थापना त्यांना पाहता आली नाही. प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलण्याची मुभा देणारा १९४९ चा बदलही नाही. आज सामन्याच्या वेळी रेषेलगत येरझारा घालणारा, प्रत्येक चेंडूगणिक ओरडून सूचना देणारा प्रशिक्षक सर्वत्र दिसतो. बक यांचा काळ त्याला परवानगी देत नव्हता. नदीकाठच्या त्या मैदानावर मात्र इतरांना खेळवण्याची विद्या शिकण्यासाठी तरुण आजही येतात.