आईची शिदोरी
मैत्रिणींनो, आपल्या सोनाळ्यापासून समुद्र फार लांब. पण एथेल ब्राऊन हार्वे या अमेरिकन बाईंची कितीतरी वर्षं वूड्स होलच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत गेली. जन्म १८८५चा. संसार, दोन मुलं. प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं ते नवऱ्याला. तरी बाईंनी संशोधन सोडलं नाही. सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची अंडी यंत्रात गरगर फिरवून त्यांनी त्यांचे दोन भाग केले. १९३६ मध्ये त्यांनी दाखवलं, की जनुकांचं केंद्रक नसलेला भागही जास्त खारट पाण्यात ठेवल्यावर विभागू लागतो! हे कसं? आई अंड्यातच आरएनएचे निरोप भरून ठेवते. गर्भाची सुरुवातीची वाढ त्याच शिदोरीवर होते. हे उत्तर १९६०च्या दशकात उलगडत होतं, तेव्हाच, १९६५ मध्ये एथेलबाई गेल्या.